दोन बाणांची रोजकीर्द

१/ धागा. मे २०२१. रात्रीचे पावणेतीन वाजले आहेत. पुण्यातील एका खोलीत दिवा मालवलेला आहे, माणूस झोपला आहे आणि मेजावरचा संगणक मात्र दर पाच मिनिटांनी सरकारी यंत्रणेला एकच प्रश्न विचारतो आहे : पुणे जिल्ह्यात अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी लस शिल्लक आहे काय? उत्तर येते, ‘शून्य’. ते वेळेसह एका फाइलमध्ये उतरते. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न.

२/ ती खोली माझीच. प्रश्न विचारणारी वस्तू म्हणजे चार आज्ञांची एक ओळ, जिला जाणकार मंडळी शेल स्क्रिप्ट म्हणतात. इतिहासाच्या धाग्यात हिचे काय काम, असे वाटणे साहजिक आहे. पण आपल्या काळाचा इतिहास उद्या ज्या साधनांवरून लिहिला जाईल, त्यांतील बरीचशी अशाच ओळींनी तयार केलेली आहेत. साधनांचा इतिहास ठाऊक नसेल तर साधनांची पारख करता येत नाही, हे या धाग्यांच्या वाचकांना मी सांगायला नको.

३/ सुरुवात १९६४ साली होते. अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत डग्लस मॅकिलरॉय यांनी ११ ऑक्टोबर १९६४ रोजी एक टिपण लिहिले. त्यातील कल्पना घरगुती होती : बागेला पाणी घालण्याच्या नळीला जसा हवा तेव्हा आणखी एक तुकडा जोडता येतो, तसे संगणकाचे कार्यक्रमही एकमेकांना जोडता यावेत. एकाने माहिती आणावी, दुसऱ्याने गाळावी, तिसऱ्याने क्रम लावावा.

४/ टिपण लिहिले तेव्हा युनिक्स ही संगणकप्रणाली जन्मलीही नव्हती. ती आल्यावर मॅकिलरॉय यांनी सहकाऱ्यांच्या मागे लकडा लावला आणि अखेर १९७३ च्या जानेवारीत केन थॉम्पसन यांनी एका रात्रीत ही सोय युनिक्समध्ये बसवली. टिपणापासून त्या रात्रीपर्यंत आठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतील मंडळी एकमेकांना आपापल्या एकोळी आज्ञा दाखवत सुटली, असे मॅकिलरॉय यांनीच पुढे सांगितले आहे. या जोडणीला ‘पाइप’ म्हणतात. तिचे आजचे चिन्ह एक उभी रेघ ( | ) आहे.

५/ ‘शेल’ हा शब्द त्याहून जुना. फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पूझाँ यांनी तो १९६० च्या दशकात योजला. शेल म्हणजे कवच : माणूस आणि यंत्राचा गाभा यांच्यामधला दुभाष्या. तुम्ही आज्ञा लिहायची, त्याने ती आत पोहोचवायची. त्याच आज्ञा एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट. १९७९ मध्ये स्टीफन बोर्न यांचे शेल आले, १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचे ‘बॅश’. आज असंख्य सर्व्हर संगणकांवर बॅशच आहे. या पिढ्यांच्या भाऊबंदकीत आपण शिरणार नाही.

६/ आपल्या कामाची चिन्हे दोन. एक बाण ( > ) दिला की आज्ञेचे उत्तर पडद्यावर न येता फाइलमध्ये जाते, पण त्या फाइलमध्ये आधी जे असेल ते पुसून. दोन बाण ( >> ) दिले की नवे उत्तर जुन्याच्या खाली जोडले जाते. शाळेतल्या पाटीत आणि पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दीत जेवढे अंतर, तेवढे या दोन चिन्हांत आहे. पाटीवर आजचे लिहायचे तर कालचे पुसावे लागते. रोजकीर्दीत आजचा जमाखर्च कालच्याच्या खाली बसतो आणि म्हणून दोनशे वर्षांनी कोणी संशोधक त्यावरून धान्याचे भाव मांडू शकतो.

७/ सोबतीला ‘क्रॉन’ नावाचा पहारेकरीही युनिक्समध्ये फार पूर्वीपासून आहे. अमुक वेळी अमुक आज्ञा चालव, एवढे सांगून ठेवले की तो टोल दिल्यासारखा वेळ पाळतो. जोडणारी रेघ, साठवणारे दोन बाण आणि वेळ पाळणारा पहारेकरी एवढा संसार विसाव्या शतकातच मांडून झाला होता. उणीव एकच राहिली : बाहेरच्या जगातून बातमी आणणारा जासूद.

८/ तो जासूद १९९६ साली आला, आणि त्याचे येणे अगदीच किरकोळ कारणाने झाले. स्वीडनचे तरुण प्रोग्रॅमर डॅनिएल स्टेनबर्ग हे आमिगा संगणकाच्या चाहत्यांच्या एका गप्पांच्या वाहिनीसाठी बॉट, म्हणजे आपोआप उत्तरे देणारा कार्यक्रम, सांभाळत असत. त्याने चलनांचे विनिमयदरही सांगावेत अशी त्यांची इच्छा होती. दर इंटरनेटवर होते, पण ते रोज आणायचे कोणी? शोधता शोधता त्यांना ब्राझीलच्या राफाएल सागुला यांचा ‘एचटीटीपीगेट’ हा छोटासा कार्यक्रम सापडला. त्यात ते भर घालत गेले, त्याचे नाव बदलत गेले आणि २० मार्च १९९८ रोजी तो ‘कर्ल’ या नावाने प्रसिद्ध झाला. आज मोटारींपासून दूरचित्रवाणी संचांपर्यंत तो कुठे नाही, हे सांगणे अधिक सोपे. मूळ गरज मात्र आजचा भाव कळावा, एवढीच होती.

९/ त्या काळी कर्लने आणलेले पान माणसांसाठी सजवलेले असे. रंग, तक्ते, जाहिराती. त्या पसाऱ्यातून आकडा शोधायला ‘ग्रेप’सारखी आज्ञा लागे. (हे नावही गमतीचे : जुन्या ‘ईडी’ संपादकात विशिष्ट मजकूर असलेल्या सर्व ओळी छापण्याचा जो संक्षेप होता, त्याचीच अक्षरे जुळवून केन थॉम्पसन यांनी ते ठेवले.) पानाच्या मालकाने तक्ता उजवीकडून डावीकडे नेला की पाहुण्याची स्क्रिप्ट आंधळी होई.

१०/ २००० साली काही कंपन्यांनी यंत्रांसाठी वेगळी खिडकी उघडली. सेल्सफोर्सने फेब्रुवारीत, ईबेने नोव्हेंबरमध्ये. सजावट नको, नेमका प्रश्न ठरावीक साच्यात विचारा, नेमके उत्तर ठरावीक साच्यात घ्या. हाच वेब एपीआय. त्याच वर्षी रॉय फिल्डिंग यांनी आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात अशा देवाणघेवाणीची जी शैली मांडली, तिच्यावर आजच्या बहुतेक खिडक्या बेतलेल्या आहेत. उत्तराचा साचा म्हणून डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुढे आणलेला ‘जेसन’ रूढ झाला आणि २०१२ मध्ये स्टीफन डोलन यांनी जेसन गाळण्यासाठी ‘जेक्यू’ ही चाळणी दिली.

११/ आता सारे तुकडे जुळवून पाहू :

कर्ल (खिडकीचा पत्ता) | जेक्यू (हवा तो रकाना) >> नोंदी

कर्ल उत्तर आणतो, रेघ ते पुढे सरकवते, जेक्यू त्यातले हवे तेवढे उचलतो, दोन बाण ते जुन्याखाली जोडतात. क्रॉनला सांगितले की दर पाच मिनिटांनी हे आपोआप घडते. १९६४ ची नळी, १९७३ ची रेघ, १९९६ चा जासूद आणि २०१२ ची चाळणी एका ओळीत नांदतात, आणि यांतल्या कोणालाही दुसऱ्याच्या पोटात काय चालते हे ठाऊक नसते.

१२/ इथे थोडे थांबू, कारण इतिहासाच्या दृष्टीने कळीची गोष्ट इथे आहे. अशा बहुतेक खिडक्या फक्त वर्तमानकाळात बोलतात. ‘आता किती?’ याचे उत्तर मिळते, ‘गेल्या मंगळवारी दुपारी किती होते?’ याचे बहुधा मिळत नाही. खिडकीपलीकडचा कारकून लबाड असतो असे नाही. त्याचे काम आजच्या गिऱ्हाइकाला उत्तर देण्याचे, वही जपण्याचे नाही. वही जपायची असेल तर ती खिडकीच्या अलीकडे, रांगेत उभे राहणाऱ्यानेच जपावी लागते.

१३/ आणि खिडकी कोणासाठी व किती वेळ उघडी ठेवायची, हे नेहमी पलीकडचाच ठरवतो. स्वयंचलित पाहुण्यांनी सर्व्हर हैराण होऊ लागले तेव्हा १९९४ मध्येच मार्टिन कोस्टर यांनी ‘रोबॉट्स डॉट टीएक्सटी’ ही प्रथा सुचवली : दारावर पाटी लावा, शहाणा रोबॉट ती वाचून वागेल. ही पाटी केवळ सभ्यतेच्या बळावर उभी होती. तिला अधिकृत इंटरनेट मानकाचे रूप मिळायला २०२२ साल उजाडले.

१४/ सभ्यतेचे बळ संपते तिथे कायदा येतो. २०१० च्या शरदात ॲरन स्वार्ट्झ या तरुणाने एमआयटीच्या (पुण्यातील नव्हे, मॅसॅच्युसेट्समधील) जाळ्यावरून जेस्टोर या संग्रहातील संशोधनलेख उतरवून घ्यायला सुरुवात केली. त्याची स्क्रिप्ट पायथॉनमध्ये होती, पण प्रत्यक्ष लेख आणण्याचे काम ती कर्लकडूनच करून घेई. जेस्टोरच्या बाजूने अडवणूक झाली की तो दुसरी वाट काढी. लाखो लेख उतरले. जानेवारी २०११ मध्ये त्याला अटक झाली आणि त्याच्यावर संघराज्याच्या कायद्याखाली गंभीर आरोप ठेवण्यात आले. खटला उभा राहण्याआधीच, जानेवारी २०१३ मध्ये, सव्विसाव्या वर्षी त्याने जीवन संपवले. त्याचा मार्ग बरोबर होता की चूक, यावर आजही दोन पक्ष आहेत. मला स्वतःला आरोपांचा भार कृत्याच्या मानाने अवाजवी वाटतो.

१५/ आता आपल्याकडे येऊ. मार्च २०२० मध्ये काही भारतीय स्वयंसेवकांनी ‘कोविड नाइन्टीन इंडिया’ हे संकेतस्थळ सुरू केले. राज्ये आपापली रोजची पत्रके निरनिराळ्या साच्यांत काढत होती : कुणाचे पीडीएफ, कुणाचे ट्वीट, कुणाचे चित्र. ही मंडळी ती वाचून, पडताळून आकडे एका साच्यात बसवत आणि कोणालाही उचलता येतील अशा एपीआयमधून खुले करीत. वृत्तपत्रांनी ते घेतले, संशोधकांनी घेतले, माझ्यासारख्या रिकामटेकड्यांनीही घेतले. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांनी काम थांबवले. देशाची सुमारे दीड वर्षाची जिल्हावार रोजकीर्द अशी सरकारी दफ्तराबाहेर लिहिली गेली.

१६/ मधल्या काळात कोविन आले. २८ एप्रिल २०२१ रोजी १८ ते ४४ वयोगटाची नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नावे घातली. लस अर्थातच तेवढी नव्हती. कोविनने एक एपीआय जनतेला खुला ठेवला होता. जिल्ह्याचा क्रमांक द्यायचा (पुणे ३६३, मुंबई ३९५) आणि तारीख द्यायची, की त्या दिवसापासून सात दिवसांतली केंद्रे, किमान वय, लसीचे नाव आणि शिल्लक जागा असे सारे जेसनमध्ये मिळे. देशभरच्या तरुणांनी त्यावर स्क्रिप्ट लिहिल्या. कोणी टेलिग्रामवर इशारे देणाऱ्या वाहिन्या काढल्या, कोणी संकेतस्थळे उभारली, कोणी फक्त आपल्या आईवडिलांसाठी संगणकाला घंटी वाजवायला शिकवले.

१७/ नियमही होते. एका आयपी पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभर प्रश्न, म्हणजे दर तीन सेकंदांना एक. शिवाय उत्तर साठवणीतून दिले जात असल्याने ते तीस मिनिटांपर्यंत जुने असू शकेल, असेही नमूद केलेले होते. हे दुसरे वाक्य लक्षात ठेवा. साधनचिकित्सेच्या वेळी ते लागेल.

१८/ माझ्या ओळीने मला जागा मिळवून दिली. सुरुवातीच्याच त्या दिवसांत, शहरापासून चाळीसएक किलोमीटरवरच्या गावात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या अंगणात पोहोचलो तर रांगेतील बहुतेक गाड्या शहरातून आलेल्या. फाटकाबाहेर गावातली पाचसात मुले उभी होती. त्यांतल्या एकाने विचारले, “दादा, तुमचा नंबर लागला कसा? आम्ही चार दिस झाले मोबाईल घेऊन बसलोय, उघडतंय तवर भरतंय.” मी कर्ल आणि क्रॉनची गोष्ट सांगू शकलो नाही. “नशीब,” म्हणालो. ते खोटे होते.

१९/ हा काही एकट्या गावाचा प्रकार नव्हता. शहरी लोक ग्रामीण केंद्रांवरच्या जागा नोंदवतात आणि स्थानिक लोक तसेच राहतात, अशा तक्रारी त्या महिन्यात राज्याच्या अनेक भागांतून वृत्तपत्रांत येत होत्या. २४ मे रोजी केंद्राने या वयोगटासाठी सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणी करण्याची मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात केवळ डिजिटल दारातून लस देण्याच्या धोरणावर बोट ठेवले : ज्यांच्यापाशी साधन नाही, जाळे नाही, जाण नाही, ते मागे राहतील. न्यायालयाचा रोख संकेतस्थळावर होता. स्क्रिप्ट ही त्याच दारातली आणखी एक पायरी, आणि मी तिच्यावर उभा होतो.

२०/ लस घेतल्यावर मी ती ओळ बंद करायला विसरलो. क्रॉन विसरत नाही. महिने उलटल्यावर जागा मोकळी करताना ती फाइल सापडली. दिवसाला २८८ वेळा विचारलेला एकच प्रश्न आणि त्याची उत्तरे. चाळताना जाणवले की हे शून्यांचे रान नाही. त्यात घटना दिसतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात राज्य सरकारने दुसऱ्या मात्रेच्या तुटवड्यामुळे १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण तात्पुरते थांबवले, तिथे ‘किमान वय १८’ असलेल्या सरकारी केंद्रांच्या ओळी जवळजवळ नाहीशा होतात. नंतर खाजगी रुग्णालयांची नावे येऊ लागतात, सशुल्क असा शेरा घेऊन. पुढे जूनच्या उत्तरार्धात, केंद्राचे नवे धोरण लागू झाल्यावर, अठराच्या ओळी पुन्हा दाटू लागतात.

२१/ मात्र हे साधन वाचायचे कसे? ‘शून्य’ याचा अर्थ लस आली नाही, असा होत नाही. जागा उघडून चाळीस सेकंदांत भरल्या असतील तर पाच मिनिटांनी डोकावणाऱ्याला त्या दिसणारच नाहीत. उत्तर अर्ध्या तासापर्यंत शिळे असू शकते, त्यामुळे नोंदीची वेळ आणि घटनेची वेळ एक नव्हे. आकडा कोविनला काय कळवले गेले ते सांगतो. केंद्रावरच्या पेटीत प्रत्यक्ष किती कुप्या होत्या, हे सांगत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट : फाटकाबाहेर उभी असलेली ती मुले या फाइलमध्ये कुठेच नाहीत. रोजनिशीत मिरासदार, इनामदार सापडतात, वेठीला धरलेला माणूस क्वचितच सापडतो. तसेच हे.

२२/ तरीही ही नोंद मोलाची आहे, कारण ती दुसरीकडून मागवता येत नाही. सात दिवसांपुरते पुढचे सांगणाऱ्या त्या खिडकीकडे गेलेल्या मे महिन्याचे पाच-पाच मिनिटांचे चित्र मागण्याची सोय नव्हती. ज्यांच्या स्क्रिप्टांत दोन बाण होते, त्यांच्याच संगणकांवर ते असेल. बहुतेकांना तर नोंद ठेवायचीच नव्हती, घंटी वाजली की काम झाले.

२३/ खिडक्या पुढे बंद होत गेल्या, हेही याच कथेचे टोक. ट्विटरने २००६ मध्ये एपीआय दिला तेव्हा नाव आणि परवलीचा शब्द देऊन कर्लच्या एका ओळीत ट्वीट करता येई. २०१० च्या ऑगस्टअखेर ती सोपी वाट बंद झाली. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने अभ्यासकांना जुन्या ट्वीटांचा अख्खा संग्रह धुंडाळण्याची सवलत दिली, महिन्याला एक कोटी ट्वीटांपर्यंत. मालक बदलल्यावर २०२३ मध्ये मोफत प्रवेश आवळला गेला आणि ही सवलतही संपली. त्याच वर्षी रेडिटने आपल्या एपीआयला असे दर लावले की ‘अपोलो’सारखे लोकप्रिय ॲप ३० जूनला बंद पडले. दोन्ही ठिकाणी अर्धवट राहिलेले प्रबंध किती असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही.

२४/ आता कबुली. माझी फाइल ५ मेपासून सुरू होते. वास्तविक ओळ १ मेच्या पहाटेपासून धावत होती, म्हणजे लसीकरण सर्वांसाठी खुले झाले त्या दिवसापासून. पण पहिल्या चार दिवसांत मी एकच बाण दिला होता. दर पाच मिनिटांनी नवे उत्तर यायचे आणि जुने पुसले जायचे. पाचव्या दिवशी काल रात्रीची नोंद पाहावी म्हणून फाइल उघडली, तर आत एकच ओळ होती. तेव्हा दुसरा बाण जोडला.

२५/ १ ते ४ मे २०२१, पुणे जिल्हा. वाचकांपैकी कोणाच्या जुन्या संगणकावर, एखाद्या टेलिग्राम वाहिनीच्या मागे चालणाऱ्या सर्व्हरवर, त्या चार दिवसांच्या नोंदी राहिल्या असतील तर कळवावे. मोबाईल क्रमांक किंवा नावे असतील तर ती आधी काढून टाकावीत. वेळ, केंद्र, वय, शिल्लक जागा, एवढे चार रकाने पुरेत.